जातिवंत पिल्लाची लूत: ब्रॅव्हेक्टो, नेक्सगार्ड, सिम्पारिका की अमिट्राझ?

जातिवंत पिल्लू घरी येऊन दोन-तीन महिने होतात न होतात तोच डोळ्यांभोवतीचे केस विरळ होतात, ओठाच्या कडेला रुपयाएवढा चट्टा पडतो, मग पुढच्या पायांवर दुसरा. कुणी म्हणतं गजकर्ण, कुणी म्हणतं उष्णता, आणि मेडिकलवाला एक ट्यूब पुढे करतो. पग, लॅब्रॅडॉर, जर्मन शेफर्ड, बुलडॉग, बॉक्सर, डॉबरमन, ग्रेट डेन, शार-पे, पिटबुल यांच्या मालकांना लुतीचं हे चित्र ओळखीचं असतं. यावर सध्या दुकानात जी औषधं मिळतात त्यांतल्या कशावर पैसे घालावेत आणि कशावर नाही, याबद्दल हा अभिप्राय आहे. निकाल आधीच सांगतो: ब्रॅव्हेक्टो, नेक्सगार्ड, सिम्पारिका या नव्या गोळ्या उत्तम आहेत. मात्र गोळीच्या आधी कातडीचा नमुना काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघायला हवा, आणि वाढत्या पिल्लाला तीन महिन्यांच्या गोळीपेक्षा महिन्याची गोळी बरी पडते.

आपण ‘लूत’ एकाच नावाने ओळखतो ती प्रत्यक्षात दोन वेगळी दुखणी आहेत. पिल्लांमध्ये जास्त दिसते ती डेमोडेक्सची लूत. हा किडा विडीसारखा लांबुडका असतो, केसाच्या मुळाशी राहतो आणि जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत दूध पिताना आईच्या अंगावरून पिल्लाकडे येतो. जवळपास प्रत्येक कुत्र्याच्या त्वचेत तो थोड्या संख्येने असतोच. ज्या पिल्लाची प्रतिकारशक्ती या एका किड्याला आवरू शकत नाही, त्याच्या अंगावर तो माजतो, आणि हा दोष बहुधा आनुवंशिक असतो. म्हणून ती घाणीमुळे होत नाही, शेजारच्या कुत्र्याकडून येत नाही, माणसाला लागत नाही. सुरुवातीला खाजही फारशी नसते. खाज सुटते ती जिवाणूंचा संसर्ग वर चढल्यावर.

दुसरी सार्कोप्टेसची, म्हणजे खरी खरूज. हा किडा गोल असतो, कातडीत बोगदे करतो आणि खाज अशी की पिल्लू झोपेतही ओरबाडतं. कानाच्या कडा, कोपरं, मागच्या पायांचे घोटे, पोट या जागा आधी बिघडतात. कानाची कड दोन बोटांत धरून चोळली की मागचा पाय आपोआप खाजवायला लागतो, ही जुनी आणि बऱ्यापैकी भरवशाची खूण. ही लूत संसर्गजन्य आहे. घरातल्या माणसांच्या हातांवर, कमरेवर लाल पुरळ उठतं, पण हा किडा माणसावर आपलं जीवनचक्र पुरं करू शकत नाही, त्यामुळे कुत्रा बरा झाला की ते जातं. इथे एका पिल्लाला औषध देऊन भागत नाही. घरातल्या प्रत्येक कुत्र्याला त्याच दिवशी द्यावं लागतं आणि अंथरूण-पांघरूण गरम पाण्यात धुवावं लागतं. डेमोडेक्समध्ये ही धुलाई करून काही मिळत नाही.

आता पहिली खरेदी. ती औषधाची नाही, स्किन स्क्रॅपिंगची, म्हणजे कातडी खरवडून तो नमुना काचेवर बघण्याची. आणि ही सेवाच सगळ्यात जास्त वेळा अर्धवट मिळते. नीट केलेलं डेमोडेक्सचं स्क्रॅपिंग असं असतं: शस्त्रक्रियेच्या दहा नंबरच्या, बोथट केलेल्या पात्यावर लिक्विड पॅराफिनचा थेंब, चट्ट्याची कातडी दोन बोटांत धरून चांगली दाबायची म्हणजे किडे केसांच्या मुळातून वर सरकतात, मग केसांच्या दिशेने खरवडत जायचं ते बारीक रक्त झिरपेपर्यंत. रक्त न दिसता थांबलेलं स्क्रॅपिंग वरवरचं समजावं. एकाच जागी करून भागत नाही, तीन ते पाच जागा घ्याव्या लागतात. काच लगेच कमी शक्तीच्या भिंगाखाली, प्रकाश मंद करून बघायची. डोळ्यांच्या भोवती आणि बोटांच्या मध्ये पातं चालवणं अवघड, तिथे चिमट्याने केस मुळासकट उपटून त्यांची मुळं तेलात बघतात. शार-पेसारख्या जाड कातडीच्या जातीत कधी कधी दोन्ही फसतात आणि बायोप्सी, म्हणजे कातडीचा बारीक तुकडा काढून तपासणी, करावी लागते.

अहवालात नुसतं ‘पॉझिटिव्ह’ लिहून घेऊ नये. कोणत्या जागेवर किती जिवंत, किती मेलेले, किती पिलावळ, किती अंडी, हे मागून घ्यावं. पुढच्या महिन्यात त्याच जागा पुन्हा खरवडायच्या असतात आणि तुलना या आकड्यांशीच होते. सार्कोप्टेसचं गणित उलट आहे: तिथे स्क्रॅपिंग उथळ पण जास्त पसरट करतात, आणि खरी खरूज असूनही कितीतरी वेळा काचेवर किडा सापडत नाही. लक्षणं पक्की असतील तर किडा दिसला नाही तरी उपचार करून बघणं योग्य. डेमोडेक्समध्ये मात्र न बघता उपचार सुरू करायला काही कारण नाही.

हे कुठे करून घ्यावं? खाजगी दवाखान्यात सूक्ष्मदर्शक असेल आणि डॉक्टर स्वतः काच बघत असतील तर तिथेच. नसेल तर महाराष्ट्रात एक चांगली सोय लोक विसरतात: महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांची शिकाऊ रुग्णालयं. परळ, शिरवळ, नागपूर, परभणी, उदगीर इथे ही महाविद्यालयं आहेत आणि अकोल्याला पदव्युत्तर संस्था. रांग लागते, विद्यार्थ्यांचा घोळका भोवती असतो, वेळ जातो. पण काच बघितली जाते, आणि आपल्याला हवं आहे ते एवढंच. गजकर्ण आहे का याचीही शहानिशा त्याच फेरीत होते; पिल्लांमध्ये गोल टक्कल पडलं की निम्मा गोंधळ तिथेच असतो.

किडा सापडला म्हणजे लगेच गोळी, असंही नाही. चट्टे चारपर्यंत असतील, प्रत्येक अडीच सेंटिमीटरच्या आत असेल आणि पिल्लू खेळतं-खातं असेल तर त्याला मर्यादित लूत म्हणतात, आणि यातली बहुतेक पिल्लं सहा ते आठ आठवड्यांत आपसूक बरी होतात. या काळात जंताचं औषध, चांगला आहार, आठवड्याला एकाच उजेडात काढलेला फोटो आणि महिन्याभरात पुन्हा स्क्रॅपिंग, एवढं पुरतं. सुरुवातीलाच गोळी दिली तर पिल्लाचं शरीर स्वतः किडा आवरतं की नाही हे कधीच कळत नाही, आणि पुढे त्या कुत्र्याची पिल्लं घ्यायची का या प्रश्नाचं उत्तर हातचं जातं. चट्टे वाढत असतील, चेहरा किंवा पाय पूर्ण बिघडला असेल, पंजे सुजून त्यातून पू येत असेल तर ती पसरलेली लूत. तिथे वाट बघणं चुकीचं.

आता गोळ्या. ब्रॅव्हेक्टो, नेक्सगार्ड, सिम्पारिका ही तिन्ही नावं आयसोक्साझोलीन गटातली आहेत. त्यांत अनुक्रमे फ्लुरालॅनर, अफोक्सोलॅनर आणि सारोलॅनर असतं. मुळात गोचीड-पिसवांसाठी आलेल्या या गोळ्यांनी दशकभरात लुतीचा उपचारच बदलून टाकला. औषध रक्तातून त्वचेपर्यंत जातं आणि किड्याच्या चेतासंस्थेवर मारा करतं. युरोपात तिन्हींच्या लेबलवर डेमोडेक्स आणि सार्कोप्टेस दोन्ही आहेत. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, पसरलेल्या डेमोडेक्सच्या कुत्र्यांना फ्लुरालॅनरची एकच मात्रा दिल्यावर २८व्या दिवशी किड्यांची संख्या ९९.८ टक्क्यांनी घटली, आणि ५६व्या व ८४व्या दिवशी एकही किडा सापडला नाही. कुत्र्यांचा गट लहान होता, पण त्यानंतरचा जगभरचा दवाखान्यांतला अनुभवही त्याच दिशेचा आहे. जुन्या औषधांनी जे सहा-आठ महिने रखडायचं ते आता बहुधा दोन ते चार महिन्यांत आटोपतं.

मारण्याच्या ताकदीत तिघांत फार उजवं-डावं करावं असं काही नाही. फरक पडतो तो वजनाच्या पट्ट्यांत आणि किती दिवसांनी द्यायची यात, आणि वाढत्या पिल्लात हाच फरक निर्णायक ठरतो.

ब्रॅव्हेक्टो बारा आठवड्यांतून एकदा. पट्टे असे: २ ते ४.५ किलोला ११२.५ मिलिग्रॅम, पुढे १० किलोपर्यंत २५०, २० पर्यंत ५००, ४० पर्यंत १०००, ५६ पर्यंत १४००. किमान मात्रा किलोला २५ मिलिग्रॅम. आता ४.४ किलोचं पग घ्या. त्याला ११२.५ची गोळी दिली तर किलोला साडेपंचवीस मिलिग्रॅम, म्हणजे जेमतेम काठावर. पिल्लू मोठं होत राहतं, रक्तातलं औषध दर आठवड्याला उतरत राहतं, आणि शेवटच्या तीन-चार आठवड्यांत संरक्षण कागदावरच उरू शकतं. लॅब्रॅडॉर तर तिसऱ्या महिन्यापासून सहाव्यापर्यंत वजन जवळपास दुप्पट करतं. अमेरिकेतल्या लेबलवर हेच सरळ लिहिलं आहे: सहा महिन्यांखालच्या पिल्लांत बारा आठवड्यांचा परिणाम सिद्ध झालेला नाही. युरोपात मात्र ती आठ आठवडे वय आणि दोन किलो वजनापासून चालते. म्हणून ब्रॅव्हेक्टो वाईट ठरत नाही. वर्षाच्या पुढच्या, वाढ थांबलेल्या कुत्र्याला ती सर्वांत सोयीची. महिन्याची तारीख विसरणाऱ्या घरासाठी तर हीच. देताना पोट भरलेलं हवं, कारण जेवणाबरोबर ती जास्त शोषली जाते. उपाशीपोटी दिलेली ब्रॅव्हेक्टो हे तिच्या अपयशाचं एक सहज टाळता येणारं कारण आहे.

नेक्सगार्ड महिन्याची. २ ते ४ किलोला ११.३ मिलिग्रॅम, १० किलोपर्यंत २८.३, २५ पर्यंत ६८, ५० पर्यंत १३६. आठ आठवड्यांपासून, दोन किलोपासून. जेवणाची अट नाही. दर महिन्याला पिल्लू तोलून नव्या पट्ट्याची गोळी घेता येते, हा तिचा पिल्लांसाठीचा खरा फायदा. पट्ट्याच्या वरच्या टोकाला असलेल्या पिल्लाबद्दल डॉक्टरांशी बोलून घ्यावं: ३.९ किलोच्या पिल्लाला ११.३ची गोळी दिली तर मात्रा किलोला २.९ मिलिग्रॅम होते, आणि तेच पिल्लू महिन्याअखेरीस पाच किलोचं झालेलं असतं. नावापुढे ‘स्पेक्ट्रा’ असलेला पॅक वेगळा. त्यात जंतांसाठी मिल्बेमायसिनही असतं. घाईत चुकीचा उचलला जातो. चव म्हणाल तर पॅकवर ‘बीफ फ्लेव्हर’ लिहिलेलं असतं आणि काही घरांत त्यावरूनच गाडी अडते. अशांनी सिम्पारिका बघावी, तिला लिव्हरची चव आहे. ब्रॅव्हेक्टोतही डुकराच्या यकृताची चव असते, तेव्हा शुद्ध शाकाहारी पर्याय या गटात शोधू नये.

सिम्पारिकाही महिन्याची. तिचे पट्टे जास्त बारीक आहेत: ५, १०, २०, ४०, ८० आणि १२० मिलिग्रॅम, अनुक्रमे २.५, ५, १०, २०, ४० आणि ६० किलोपर्यंत. किमान मात्रा किलोला २ मिलिग्रॅम. युरोपीय लेबलनुसार १.३ किलोपासून चालते, म्हणजे शिह त्झू किंवा पॉमेरेनियनसारख्या चिमुकल्या पिल्लांना हीच नेमकी बसते. अमेरिकेत मात्र वयाची अट सहा महिन्यांची आहे. मिळाली तर लहान जातींसाठी आमची पहिली पसंती सिम्पारिका, मोठ्या जातींच्या पिल्लांसाठी नेक्सगार्ड किंवा सिम्पारिका यांपैकी जी सलग तीन-चार महिने मिळत राहील ती. मध्येच गोळी संपून पंधरा दिवस खाडा पडणं हे दोन ब्रँडमधल्या फरकापेक्षा महाग पडतं.

आणि हो, मोठी गोळी घेऊन चार तुकडे करायचे ही सर्रास चालणारी काटकसर. तिन्ही कंपन्या सांगतात की गोळी तोडू नये. प्रत्येक तुकड्यात औषध सारखं उतरेलच असं नाही, आणि उरलेला तुकडा फ्रिजमध्ये महिनाभर राहतो तो वेगळाच. डब्याविना सुटी गोळी विकणाऱ्याकडूनही घेऊ नये. बॅच, मुदत आणि वजनाचा पट्टा फॉइलवर आणि डब्यावर जुळला पाहिजे. वजन घरच्या माणसांच्या काट्यावर पिल्लू कडेवर घेऊन काढलं तर अर्ध्या-पाऊण किलोची चूक सहज होते. चार-पाच किलोच्या पिल्लात तेवढ्याने पट्टा बदलतो. दवाखान्यातला किंवा किराणा दुकानातला काटा वापरा.

दुष्परिणाम बहुधा उलटी, पातळ शी, एखादा दिवस मंदपणा एवढेच. नेक्सगार्ड दिल्यावर दोन तासांच्या आत उलटी झाली तर पुन्हा गोळी द्यायची असं तिचं लेबल सांगतं. गंभीर बाब एकच: सप्टेंबर २०१८ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या संपूर्ण गटाबद्दल इशारा दिला की काही कुत्र्यांत थरथर, तोल जाणं आणि झटके दिसले आहेत. असं क्वचितच होतं, पण ज्या पिल्लाला आधी कधी फिट आली असेल त्याच्या डॉक्टरांना ते सांगितल्याशिवाय यातली कुठलीही गोळी देऊ नये. कोली जातीच्या मालकांसाठी चांगली बातमी म्हणजे आयव्हरमेक्टिन या जुन्या औषधाला संवेदनशील असलेल्या कोलींवर फ्लुरालॅनर आणि अफोक्सोलॅनर तपासून झालं आहे आणि ते सोसवतं.

अमिट्राझ हे जुनं, स्वस्त आणि अजूनही गावोगावी मिळणारं औषध. रिड, टॅक्टिक या नावांनी १२.५ टक्क्यांच्या बाटल्या येतात. ते काम करतं, पण सगळी मेहनत माणसाची. लांब केस असतील तर मशीनने सगळ्या अंगावरचे केस उतरवावे लागतात, नाहीतर पाणी कातडीपर्यंत पोचतच नाही. आधी बेंझॉईल पेरॉक्साईडच्या शॅम्पूने आंघोळ, खपल्या भिजवून काढायच्या, अंग पूर्ण कोरडं करायचं. मग एक लिटर पाण्यात ४ मिलिलिटर औषध, म्हणजे ०.०५ टक्के. सुई काढलेल्या सिरिंजने मोजायचं, झाकणाने नाही. लॅब्रॅडॉरला दोन-तीन लिटर लागतं. स्पंजने डोक्यापासून पंजांच्या बोटांमध्येपर्यंत भिजवायचं, डोळ्यांत आधी मलम घालायचं, आणि नंतर धुवायचं नाही, पुसायचंही नाही. सावलीत, वाऱ्यावर वाळू द्यायचं आणि वाळेपर्यंत गळ्यात चाटू न देणारा कोन, कारण चाटलं की उलट्या. पाय पुढच्या आठवड्यापर्यंत ओले करायचे नाहीत. हे दर आठवड्याला. सौम्य म्हणजे ०.०२५ टक्क्यांचं द्रावण पंधरा दिवसांनी वापरण्याचीही पद्धत आहे. कोणती, ते डॉक्टर ठरवतील.

चुकतं कुठे? केस न काढल्यामुळे. कालवलेलं द्रावण पुढच्या आठवड्यासाठी ठेवल्यामुळे. हवा-उजेडात ते बिघडतं, म्हणून उरलेलं टाकायचंच. पावसाळ्यात पाय कोरडे न राहिल्यामुळे. दोन आठवडे करून तिसऱ्याला कंटाळल्यामुळे. आणि बंद बाथरूममध्ये केल्यामुळे, ज्याचा त्रास कुत्र्यापेक्षा माणसाला होतो. अमिट्राझने गुंगी येते, हृदयाचे ठोके मंदावतात, अंग थंड पडतं, रक्तातली साखर वाढते. दिवसभराची झोप अपेक्षित. उठवून न उठणारं, थंडगार पिल्लू मात्र लगेच दवाखान्यात. चार महिन्यांखालचं पिल्लू, शिवावा (चिहुआहुआ) जातीचं कुत्रं, गाभण किंवा दूध पाजणारी कुत्री यांना हे वापरू नये. घरात कुणाला दमा किंवा मधुमेह असेल, कुणी गरोदर असेल तर त्यांनी हात लावू नये. बाकीच्यांनीही हातमोजे घालावेत. पैशाची खरीच अडचण असेल आणि आठवड्याला दोन तास देणारा माणूस असेल तरच अमिट्राझ.

आयव्हरमेक्टिनबद्दल मत अधिक कडक आहे. डेमोडेक्ससाठी ते रोज तोंडाने, किलोला ०.३ ते ०.६ मिलिग्रॅम, हळूहळू चढवत, महिनोन्महिने द्यावं लागतं. हार्टवर्म, म्हणजे हृदयातले जंत, टाळण्यासाठीच्या मात्रेच्या हे ५० ते १०० पट आहे. आठवड्याला एक सुई टोचून डेमोडेक्स बरा करण्याची पद्धत अजून चालते. तिच्याने खरूज जाऊ शकते, डेमोडेक्सवर तिचा भरवसा धरता येत नाही. कोली, शेटलंड शीपडॉग, ऑस्ट्रेलियन शेफर्ड, ओल्ड इंग्लिश शीपडॉग आणि काही जर्मन शेफर्ड यांच्यात एबीसीबी-१ या जनुकातला दोष असतो; त्यांच्या मेंदूत हे औषध शिरतं आणि बाहुल्या विस्फारणं, लाळ, झोकांड्या, आंधळेपणा इथपासून बेशुद्धीपर्यंत जातं. त्यात गुरांसाठीचं एक टक्क्याचं इंजेक्शन घरी मोजून पाजण्याचा उद्योग. त्यात मिलिलिटरला १० मिलिग्रॅम औषध असतं. तीन किलोच्या पिल्लाची किलोला ०.४ची मात्रा ०.१२ मिलिलिटर होते, म्हणजे एका थेंबाच्या फरकाने मात्रा जवळपास दीडपट. गोळ्या मिळत असताना हा धोका घेण्याजोगा नाही.

गोळी किडा मारते. पू, खपल्या आणि वास ती घालवत नाही. त्यासाठी शॅम्पू लागतो आणि इथे दोनच घटक बघायचे. त्वचा तेलकट, मुळं तुंबलेली, काळे ठिपके असतील तर बेंझॉईल पेरॉक्साईड २.५ टक्के, ते मुळं मोकळी करतं, पण कातडी कोरडी करतं आणि टॉवेल-सोफ्याचा रंग उडवतं. पुटकुळ्या आणि पू असेल तर क्लोरहेक्सिडिन २ ते ४ टक्के. दोन्ही आठवड्याला एक-दोनदा, आणि फेस अंगावर घड्याळ लावून दहा मिनिटं. तीन मिनिटांत धुतलेला औषधी शॅम्पू म्हणजे महागडा साबण. पंजे सुजले असतील, दाबल्यावर रक्तमिश्रित पू येत असेल तर प्रतिजैविक लागेल. ते पुवाचा नमुना काचेवर बघून ठरवावं, खोल संसर्ग हटत नसेल तर कल्चर करून, म्हणजे प्रयोगशाळेत जिवाणू वाढवून.

सगळ्यात जास्त नुकसान करणारं औषध मात्र मेडिकलच्या काउंटरवरच मिळतं: स्टेरॉइड, प्रतिजैविक आणि बुरशीनाशक एकत्र असलेली क्रीम, आणि खाजेवरची स्टेरॉइडची सुई. चार दिवस लाली उतरते, मालक खूश. मग आधीच कमजोर असलेली प्रतिकारशक्ती आणखी दबते आणि चार चट्ट्यांचं सगळं अंग होतं. ट्यूबवर बीटामेथासोन, क्लोबेटासोल, डेक्सामेथासोन यांपैकी काही लिहिलेलं दिसलं की ती परत करावी.

घरगुती उपायांत कडुनिंबाच्या पाण्याने आंघोळ निरुपद्रवी, पण केसाच्या मुळातल्या किड्यापर्यंत ती पोचत नाही. करंज तेलाचंही तेच, शिवाय तेलकट थराखाली संसर्ग वाढतो. खोबरेल तेलात कापूर हा प्रकार धोक्याचा, कारण पिल्लू चाटतं आणि कापराने झटके येऊ शकतात. गाडीचं जळकं ऑइल, डिझेल, फिनाईल हे विष आहे. त्याने लूत जात नाही, कातडी भाजते आणि यकृत-मूत्रपिंडांवर ताण येतो. टी ट्री ऑइल ‘नैसर्गिक’ म्हणून विकलं जातं, कुत्र्यांना तेही बाधतं.

केस आले की उपचार थांबवणं ही सर्वांत महागडी चूक. केस साधारण महिना-दीड महिन्यात उगवायला लागतात, तेव्हा काचेवर बऱ्याचदा किडे असतातच. नियम असा: दर महिन्याला त्याच जागांचं स्क्रॅपिंग, आणि महिन्याच्या अंतराने सलग दोन वेळा काही सापडलं नाही की मग थांबायचं. महिन्यागणिक संख्या उतरत नसेल, किंवा जिवंत-मेलेल्यांचं प्रमाण तसंच राहिलं असेल, तर आधी मात्रा, वजन आणि तारखा तपासाव्यात, मग औषध बदलायचं बघावं. बंद केल्यावर वर्षभर नजर ठेवायची. उलटली तर बहुधा याच काळात. मादी पहिल्यांदा माजावर येते तेव्हा लूत उलटू शकते, म्हणून ती आटोक्यात आली की नसबंदी लवकर उरकलेली बरी.

पसरलेली लूत झालेल्या कुत्र्याची पिल्लं काढू नयेत, तो कितीही कागदपत्रांचा असो. त्याच्या आई-बापांची जोडीही पुन्हा लावू नये. विकणाऱ्याला हे कळवणं मालकाचं काम आहे, कारण त्याच वेतातली बाकीची पिल्लं कुणाच्या तरी घरी गेलेली असतात. ‘पिल्लांना होतंच हे’ म्हणून उडवून लावणाऱ्याकडून पुढचं पिल्लू घेऊ नये. २०१७च्या श्वान प्रजनन व विक्री नियमांप्रमाणे आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकता येत नाही, तेव्हा घ्यायला जाताना पिल्लू आईजवळ बघायला मिळायला हवं. आईच्या डोळ्यांभोवती, हनुवटीखाली आणि पंजांच्या बोटांमध्ये केस नसलेले, काळपट पडलेले जुने डाग आहेत का, ते हात फिरवून बघावं.